शेंडा पाहून घे

नंदाखाल, वसई
२८ नोव्हेंबर

प्रिय रीना,
अनेक आशीर्वाद.

नव्या घरातल्या पहिल्या नाताळसाठी प्लॅस्टिकचे झाड घ्यावे की जिवंत, असे काल तू फोनवर विचारलेस आणि मी ‘सविस्तर लिहितो’ म्हणून फोन ठेवला, कारण तीस वर्षे रोपे विकलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. जिवंतच घे. इथून पाठवलेही असते. पण टेम्पोतून घाट चढेपर्यंत वाऱ्याने आणि हिसक्यांनी रोपाची काय गत होते ते मी पाहिले आहे, आणि घरात रोज डोळ्यांसमोर राहणारे झाड आपण स्वतः चार कुंड्या फिरवून पाहून निवडावे, असेही मला वाटते. तुमच्याकडे पुण्यात सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या बाजूस पुष्कळ रोपवाटिका आहेत. जावईबापूंना सुट्टी असेल त्या दिवशी सकाळच्या उन्हात जा; संध्याकाळी दिव्याखाली सगळीच झाडे हिरवी दिसतात.

‘ख्रिसमस ट्री’ म्हणून तिथे दाखवतील ते बहुधा अरॉकेरिया असेल. थंड देशांतल्या घरांत स्प्रूस किंवा फर आणतात, पण ते बहुतेक वेळा तोडलेलेच असते. बुंध्याचा तळ ताजा कापून ते पाण्यात उभे करतात आणि सण सरला की टाकून देतात. अरॉकेरियाचे माहेर म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या मधल्या समुद्रातले नॉरफोक बेट. कॅप्टन कुक १७७४ साली तिथे उतरला, तेव्हा ही सरळसोट झाडे पाहून त्याच्या मनात जहाजाच्या डोलकाठ्याच आल्या. खारा वारा अंगावर घेणारे झाड असल्यामुळे आपल्या वसईत ते सुखाने वाढते. पुण्याची कोरडी थंडी मात्र त्याला जरा जड जाईल.

निवडताना सगळ्यात आधी शेंडा पाहा. विकणारा तुला फांद्यांचा घेर दाखवील, उंची दाखवील. तू वाकून टोकाचा कोंब निरखून पाहा. तो हिरवा, ताठ आणि एकच असावा. या झाडाचा शेंडा मोडला, तर आडव्या फांद्यांपैकी एकही उठून त्याची जागा घेत नाही; फार तर खोडातून नवे फुटवे निघतात आणि झाडाचे रूप कायमचे बदलते. आडव्या फांदीचा तुकडा मातीत लावून रोप केले, तर तेही जन्मभर आडवेच वाढते. आपल्या विहिरीजवळचे दोन डोक्यांचे झाड तुला आठवत असेल. तू सहा वर्षांची असताना मी त्याच्या टोकाला पत्र्याचा तारा तारेने घट्ट आवळून बांधला होता आणि त्यात बल्बही बसवला होता. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परत आलो तेव्हा तारा खाली लोंबत होता आणि वीतभर कोंब त्याच्याबरोबर. पुढे त्या जागेखालून दोन फुटवे आले, आणि तू शाळेतून येऊन ‘पप्पा, याचा वाय झाला’ म्हणालीस. धंदा माझा रोपांचा आणि शेंडा मोडला तोही माझ्याच हातांनी, म्हणून एवढे लांबण लावले.

शेंड्यानंतर खालचे मजले पाहा. अगदी तळाची फांद्यांची ओळ तपकिरी पडली असेल किंवा छाटलेली असेल, तर ती जागा पुन्हा कधीच भरत नाही. कुंडी भरगच्च दिसावी म्हणून एकीत दोन-तीन रोपे कोंबलेली असतात, ती पुढे एकमेकांशी भांडतात; एकच खोड असलेले, अडीच-तीन फुटांचे झाड तुमच्या दिवाणखान्याला पुरे. सोनेरी रंग किंवा पांढरा फवारा मारलेले झाड फुकट दिले तरी घेऊ नकोस, कारण रंगाखाली पान आजारी आहे की धडधाकट, ते कळायला मार्ग राहत नाही.

घरी आणल्यावर पूर्वेच्या खिडकीपाशी ठेव. माती बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत कोरडी लागली तरच पाणी घाल, सकाळी पानांवर हलका फवारा मार आणि कुंडी आठवड्याला थोडी फिरव, नाहीतर झाड उजेडाकडे कलते. दिवाणखान्याच्या आतल्या कोपऱ्यात मांडायचे तर दहा-बारा दिवसच.

सजावटीत हात राखून ठेव. एलईडीची एक माळ पुष्कळ झाली. पूर्वीचे मिरची दिवे तापायचे आणि त्यांच्याजवळची पाने करपायची. बर्फ म्हणून कापूस पसरू नकोस, तो पेट घेतो आणि धूळही धरतो. जे टांगशील ते हलके असावे आणि खोडाजवळ टांगावे. तारा हवाच असेल तर मागच्या भिंतीवर लाव. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा कुंडीच्या बुंध्याशी मांडायची हौस अनेकांना असते, पण पाणी घालताना मातीची मेंढरे विरघळतात, म्हणून तो शेजारच्या स्टुलावर असू दे. तसेही आपल्या घरी मान गोठ्याचा. संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली तो मांडला, झाड त्यानंतर कितीतरी काळाने जर्मनीकडून आले.

माझ्या लहानपणी अरॉकेरिया कोणाच्या स्वप्नातही नव्हता. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बागेतून एक फांदी आणायची आणि ओल्या वाळूच्या बादलीत रोवायची. सुरूची जी सुई आपण पान समजतो ती खरे तर कांड्याकांड्यांची हिरवी काडी. ती एका पेरावर ओढून तोडायची, पुन्हा जुळवून धरायची आणि ‘कुठे तुटली, सांग’ असे विचारायचे, हा आमचा खेळ. सुरूही परदेशीच, कारवारच्या किनाऱ्यावर त्याची लागवड १८६८ साली झाली. फांदी चार दिवसांत सुकायची आणि तिचा कचरा पुढे महिनाभर फरशीवर सापडायचा. आता मी तिकडून फांदी तोडणार नाही आणि कोणाला तोडूही देणार नाही. समुद्राने वाळू कातरत आणली आहे आणि भुईगाव-कळंबकडची कितीतरी झाडे मुळांसकट आडवी झाली आहेत.

तीन राजांचा सण झाला की ६ जानेवारीनंतर सजावट उतरव आणि झाड गॅलरीत ने, पण पहिल्याच दिवशी भर उन्हात ठेवू नकोस. दोन-तीन वर्षांनी एक माप मोठी कुंडी दे. तुमच्या छताला टेकायला आले की मला कळव. विहिरीपलीकडे चिंचेच्या सावलीबाहेर जागा मोकळी आहे.

गाडीतून आणताना कुंडी पायांपाशी उभी धर, डिकीत आडवी घालू नकोस. मम्मीने वादळात पडलेल्या सुरूंची फळे वेचून सोनेरी रंगवून ठेवली आहेत. बोराएवढी, वजनाला काहीच नाहीत. एक डबा बुधवारी कुरियरने निघेल.

तुझा,
पप्पा