प्रार्थनेत दुसऱ्याचे नाव घेताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती प्रार्थनेचा विषय वर्तमानपत्रांत येतो तो बहुतेक वेळा चंगाई सभांच्या निमित्ताने. मंडप, ध्वनिक्षेपक, कुबड्या टाकून चालू लागलेला माणूस, मग त्यावर टीका आणि टीकेवर उत्तर. या गदारोळात मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या श्रद्धावंत समाजातल्या, सर्वांत जुन्या आणि गाजावाजा न करता चालणाऱ्या सेवेबद्दल कोणी बोलत नाही. ती सेवा म्हणजे दुसऱ्यासाठी देवाजवळ मागणे, मध्यस्थीची प्रार्थना. तिच्यात सामर्थ्य आहे असा माझा ठाम विश्वास आहे. ती ढिसाळपणे केली की माणसे दुखावतात, हेही तितकेच खरे. आपल्या वाचकांत ख्रिस्ती बहीणभाऊ आहेत, तसे 'आमच्यासाठीही जरा प्रार्थना करा' असा निरोप धाडणारे इतर धर्मांचे शेजारीही आहेत. हे पत्र दोघांसाठी आहे.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात चार गोष्टी ओळीने येतात: विनवण्या, प्रार्थना, मध्यस्थी आणि उपकारस्तुती. मध्यस्थीसाठी तिथे 'एन्तेउक्सिस' हा ग्रीक शब्द आहे. ख्रिस्तपूर्व काळातल्या इजिप्तमध्ये राजाच्या नावे केलेल्या अर्जाला हाच शब्द होता, आणि पपायरसवर लिहिलेले असे अर्ज आजही पाहायला मिळतात. कचेरीत कधी अर्ज दिला असेल त्याला हे चटकन समजेल. अर्जावर नाव लागते, अडचण लिहावी लागते, काय हवे ते सांगावे लागते. 'सर्व दुःखितांना सुखी कर, आमेन' म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हा अर्ज झालेलाच नसतो.

नावाला पवित्र शास्त्रात किती महत्त्व आहे, हे निर्गमच्या २८ व्या अध्यायात महायाजकाच्या पोशाखाचे वर्णन वाचताना कळते. दोन्ही खांद्यांवर एकेक गोमेदमणी, प्रत्येकावर इस्राएलच्या सहा वंशांची नावे कोरलेली. छातीवर ऊरपट, त्यात चार ओळींत बारा रत्ने, प्रत्येक रत्नावर एका वंशाचे नाव. लोकांसाठी देवासमोर जाणारा माणूस त्यांची नावे खांद्यावर आणि हृदयाजवळ घेऊन जात होता.

म्हणून मध्यस्थीची सुरुवात मी वहीपासून करायला सांगतो. साधी दोनशे पानी वही चालते. प्रत्येक प्रार्थनाविषयासमोर चार गोष्टी लिहाव्यात: नाव; मागणी काय आहे, ती त्या माणसाच्याच शब्दांत; ती आणखी कोणाला सांगायला त्याची परवानगी आहे; आणि पुन्हा कधी विचारपूस करायची ती तारीख. चौथा रकाना बहुतेक वह्यांत नसतो, आणि सगळी गडबड तिथेच होते. मुलाखतीसाठी प्रार्थना मागितलेल्या मुलाला नोकरी लागून दोन महिने झालेले असतात, तरी मंडळी अजून मुलाखतीसाठीच मागत असते. त्याहून वाईट म्हणजे मयत झालेल्याचे नाव आजाऱ्यांच्या यादीत तसेच राहते आणि रविवारी त्याच्या विधवेच्या देखत वाचले जाते. पंधरा दिवसांनी एक फोन केला तर हे टळते. मागणी पूर्ण झाली की तारीख घालून तिथेच उपकारस्तुतीची एक ओळ लिहावी. पौलाच्या यादीतला चौथा शब्द आपण नेहमी विसरतो.

नावे किती असावीत? पंधरा मिनिटांत चाळीस नावे घेतली तर एकेकाच्या वाट्याला पुरती पंचवीस सेकंदही येत नाहीत. ती हजेरी झाली. एका माणसाने रोज सात-आठ नावे घ्यावीत, बाकीची आठवड्याच्या वारांवर वाटून द्यावीत. तब्येत अत्यवस्थ असलेल्याचे नाव तेवढे रोज.

आता रविवारच्या उपासनेबद्दल. कॅथलिक मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनेचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या मध्यस्थीचा, क्रम ठरलेला आहे: आधी ख्रिस्तसभेच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि सगळे जग, मग संकटात असलेले, शेवटी स्थानिक समाज. ही प्रार्थना शतकानुशतके मिस्सामधून गळून पडली होती. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ती परत आणली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुधा पाळकसाहेब एकटेच लांब प्रार्थना करतात, आणि तिथे हा क्रम उलटा होतो. आपल्या मंडळीचे आजारी, आपल्या मंडळीचे परीक्षार्थी, आपले बांधकाम, आणि वेळ उरला तर देश. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा असे पौल सांगत होता तेव्हा रोमचे राज्य होते आणि ख्रिस्ती माणसांना त्यात काही थारा नव्हता. तरीही तो त्यांना यादीत वर घालतो.

एका उपासनेत पाच-सहा विषय पुरेत. प्रत्येक विषय वीस-पंचवीस शब्दांत सांगावा, मग दहा सेकंद तरी पूर्ण शांतता, मग सगळ्यांचा प्रतिसाद. ती शांतता फार महत्त्वाची असते, कारण तेवढ्याच वेळात बाकावरचा माणूस स्वतः प्रार्थना करतो. पेटी वाजवणाऱ्याला आधी सांगून ठेवावे, नाहीतर तो भल्या मनाने ती जागा सुरांनी भरून टाकतो.

शब्द कसे चुकतात ते पाहा. 'हे प्रभू, आमच्या या बहिणीला गर्भाशयाचा कर्करोग झाला आहे, नवरा लक्ष देत नाही, उपचाराला चार लाख लागणार आहेत, तिला तुझ्या मार्गावर परत आण.' यात देवाला ठाऊक नाही असे काहीच नाही. मंडळीला ठाऊक नव्हते ते मात्र सगळे सांगून झाले, शेवटी त्या बाईला उपदेशही झाला. तेच असे म्हणता येते: 'रुग्णालयात असलेल्या आमच्या बहिणीसाठी, तिच्या उशाशी रात्र काढणाऱ्यांसाठी आणि तिच्यावर उपचार करणाऱ्यांसाठी प्रार्थना करू या.' नाव तिने होकार दिला तरच घ्यावे. वहीत नाव असणे वेगळे, ध्वनिक्षेपकावरून घेणे वेगळे.

व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना गटांमुळे हा प्रश्न फार वाढला आहे. रिपोर्टचा फोटो, खाटेवरच्या माणसाचा फोटो, वॉर्डचा क्रमांक, आणि खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. तो फोटो तासाभरात चार गावांत पोहोचतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार एखाद्याला एचआयव्हीची लागण आहे हे त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. प्रार्थनेसाठी सांगितले, ही काही त्याला पळवाट नाही. गटावर 'एका कुटुंबाच्या कठीण काळासाठी' एवढे लिहिले तरी मध्यस्थी होते. तपशील दोन-तीन विश्वासू माणसांकडेच असावा. त्या गटात हात जोडलेले चिन्ह टाकणाऱ्याने आधी डोळे मिटून ते नाव घ्यावे आणि मगच चिन्ह टाकावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आजाऱ्याला भेटायला गेल्यावर पाच मिनिटांहून जास्त थांबू नये. हात धुऊन जावे. आधी 'तुमच्यासाठी काय मागू?' असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. आपण 'बरे कर' असे मागायला गेलेलो असतो. त्याला हवी असते एका रात्रीची झोप, किंवा अबोला धरलेला भाऊ भेटायला यावा ही आस. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारावे. शेजारच्या खाटेवरच्याला त्रास होणार नाही एवढाच आवाज असावा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे मंडळीचे वडील (जबाबदार ज्येष्ठ) प्रार्थनेच्या वेळी तेल लावणार असतील तर कपाळावर बोटाने टेकवण्याइतकेच, जखमेजवळ मुळीच नाही. प्राणवायू लावलेला असेल तिथे मेणबत्ती पेटवू नये; आगीचा खरोखरचा धोका असतो.

औषध बंद करायला तर कोणीही, कधीही सांगू नये. क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडल्या की रोग औषधाला दाद देईनासा होतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. मध्यस्थी करणाऱ्याने अशा वेळी आधी गाडी बोलवावी, आणि प्रार्थना गाडीत करावी. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातल्या चौघांनी पक्षघाती माणसाला खाटेसकट उचलून आणले, गर्दीमुळे आत जाता येईना तेव्हा छप्पर उसकटले आणि त्याला येशूपुढे खाली सोडले. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असे तिथे लिहिले आहे. तो विश्वास खाट उचलणाऱ्या हातांतून दिसला.

प्रार्थनेचा गुण प्रयोगाने सिद्ध होतो का, असे विचारणारे वाचक असतील. अमेरिकेत सहा रुग्णालयांतल्या हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसांनी चौदा दिवस या रुग्णांपैकी काहींची नावे घेऊन प्रार्थना केली. प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्यात, प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्क्यांना आणि न झालेल्यांत ५१ टक्क्यांना गुंतागुंत झाली. तुमच्यासाठी प्रार्थना होणारच असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हा आकडा ५९ होता. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकेल, असे संशोधकांनीच म्हटले. हे आकडे ख्रिस्ती माणसाने लपवू नयेत. मला त्यातून दोन गोष्टी कळतात. देव बटण दाबल्यासारखा चालत नाही, आणि तसे वचन त्याने कुठे दिलेलेही नाही. दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे: 'सगळी मंडळी तुमच्यासाठी उपास करते आहे' असे रुग्णाला सांगताना जपावे, कारण त्यातून 'माझे काही खरे नाही' असा अर्थ तो काढू शकतो.

मग सामर्थ्य कशात आहे? लूकच्या २२ व्या अध्यायात येशू आपला शिष्य शिमोन पेत्र याला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. त्याच रात्री पेत्राने त्याला तीनदा नाकारले. मध्यस्थी फुकट गेली का? येशूचे मागणे नीट वाचावे. पेत्र पडू नये असे ते नव्हते. पडल्यावरही त्याचा विश्वास संपू नये आणि परत फिरल्यावर त्याने भावांना स्थिर करावे, असे होते. पेत्र रडला आणि परत आला. पौलाने स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवले, काटा राहिला, कृपा मिळाली. त्यामुळे बरे न झालेल्याला 'तुमचा विश्वास कमी पडला' असे सांगणारा माणूस शास्त्राविरुद्ध बोलतो, आणि खाटेवर पडलेल्यावर दगड ठेवतो.

इब्री लोकांस पत्र सांगते की ख्रिस्त आपल्यासाठी मध्यस्थी करण्यास सर्वदा जिवंत आहे. आपली प्रार्थना त्या चालू असलेल्या प्रार्थनेत मिसळते, म्हणून आपला आवाज किती मोठा याला महत्त्व नाही. संतांना आपल्यासाठी विनंती करायला सांगावे की नाही, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचे मतभेद खरे आहेत आणि ते एका पत्रात मिटणारे नाहीत. पण जिवंत माणसांनी एकमेकांसाठी मागावे, यावर दोघांचे एकमत आहे.

मिळून मागण्याचे बळ आपल्याच भागात दिसले आहे. १९०५ च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती सदनात, म्हणजे निराधार स्त्रियांच्या आश्रमात, पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला येण्यासाठी स्वेच्छेने नावे मागितली. सत्तर जणी पुढे आल्या. जूनच्या अखेरीस तिथे आध्यात्मिक जागृती झाली तोवर ती संख्या ५५० वर गेली होती, आणि त्या दिवसातून दोनदा जमत होत्या. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी १७२७ च्या ऑगस्टमध्ये २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी प्रार्थनेसाठी दिवसाचा एकेक तास वाटून घेतला. ती साखळी शंभर वर्षांहून अधिक चालली.

आपल्याकडे साखळी प्रार्थना ठेवतात तेव्हा ती मोडते पहाटे दोन ते चारच्या दरम्यान. वडीलधाऱ्यांना भिडेखातर ते तास दिले जातात आणि त्यांचा डोळा लागतो. ते तास जोडीने द्यावेत, रात्रपाळी करणाऱ्यांना आधी विचारावे, आणि तास संपवणाऱ्याने पुढच्याला फोन करून जागे करावे. समोरून आवाज आल्याशिवाय आपली जागा सोडू नये. तीस घरांच्या मंडळीने अर्ध्या तासाचे ४८ भाग पाडण्यापेक्षा तासाचे २४ पाडावेत, म्हणजे सहा घरे राखीव राहतात.

वहीबद्दल एक सांगायचे राहिले. पानाच्या तळाशी एक ओळ ज्याच्याशी आपले वाकडे आहे त्याच्यासाठी ठेवावी. बांधावरून भांडणारा चुलतभाऊ असेल, मंडळीच्या निवडणुकीत विरोधात उभा राहिलेला असेल. बायबलमधल्या ईयोबाला संकटात दोष देणाऱ्या मित्रांसाठी त्याने प्रार्थना केली, तेव्हा त्याचे दिवस पालटले असे त्याच्या पुस्तकाच्या ४२ व्या अध्यायात आहे. या ओळीवर 'त्याला सद्बुद्धी दे' असे लिहू नये. ती देवाकडे केलेली तक्रार होते. त्याच्या मुलीचे लग्न, त्याचे गुडघे, त्याच्या विहिरीचे पाणी, असे काहीतरी त्याच्या भल्याचे मागावे. पहिले काही दिवस नाव तोंडातून बाहेर पडत नाही. तेव्हा नुसते नाव घ्यावे आणि थांबावे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे