पूल संपला, वेग संपत नाही

महोदय,

मी गोव्यातल्या वास्कोचा पायलट, म्हणजे मोटरसायकलवर भाड्याने प्रवासी नेणारा, पिवळ्या मडगार्डवाला. नव्या जुवारी पुलावर ८ पदरी रस्ता मिळाला की काटा ८० वर जातो आणि डोळे त्याला सरावतात. मग कुठ्ठाळीला उतरल्यावर ६० म्हणजे रांगणेच वाटते. पण ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६-१७ मीटर पुढे जाते. समोर पाटी घेतलेली मासळीवाली आली तर? त्यात मागून खाजगी बसचा हॉर्न. पुढच्या बसने प्रवासी उचलले की ह्याचा गल्ला बुडाला, म्हणून ती घाई. नुसत्या ड्रायव्हरला शिव्या घालून काय होणार? वेगमर्यादेची पाटी कोण वाचतो! पूल संपतो तिथे आडव्या जाड पट्ट्या मारा. हँडलला हादरा बसला की नजर आपसूक काट्यावर जाते.

— एक मोटरसायकल पायलट, वास्को