अनकपलिंग प्रोटीन म्हणजे वजन उतरवायचं बटण नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत अनकपलिंग प्रोटीनवर लेख आला ते बरंच झालं, मराठीत या विषयावर लिहितंय कोण, पण तो वाचून कुणालाही वाटेल की शरीरात चरबी जाळायचं एक बटण आहे आणि ते दाबायची गोळी आता आलीच बाजारात. तसं नाहीये हो.

मुळात मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कारखान्यात, काय चालतं बघा. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकत शेवटी ऑक्सिजनला मिळतात, वाटेत जी ऊर्जा सुटते तिच्यावर आतल्या पडद्याच्या बाहेर प्रोटॉन ढकलले जातात, आणि ते परत आत येताना एटीपी सिंथेज नावाचं चाकासारखं एन्झाइम फिरवतात तेव्हा एटीपी, म्हणजे पेशी वापरते ते ऊर्जेचं चलन, बनतं. पीटर मिचेल यांनी १९६१ साली हे मांडलं तेव्हा फारसं कुणाला पटलं नव्हतं, १९७८ ला त्यावरच नोबेल मिळालं. आता धरणाचं पाणी टर्बाइनवर न घेता बाजूच्या दाराने सोडून दिलं तर पाणी जातं पण वीज बनत नाही, यूसीपी-१ (अनकपलिंग प्रोटीन-१) हे तसलं बाजूचं दार. फरक इतकाच की इथे ऊर्जा वाया जात नाही, तिची उष्णता होते आणि तीच हवी असते.

पण हे दार मुख्यतः ब्राऊन फॅटमध्ये, म्हणजे उष्णता बनवणाऱ्या तपकिरी चरबीत, आणि तेही कुलूप लावलेलं! एरवी एटीपी, जीटीपी यांसारखे रेणू त्याला अडकून बसलेले असतात. थंडी वाजली की नसांमधून नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनाचा निरोप येतो, पेशीतली चरबी फुटून फॅटी अ‍ॅसिड सुटतात आणि ते दार उघडतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाला धड कुडकुडता येत नाही तरी ते तग धरतं ते यामुळेच. (डुकरांमध्ये यूसीपी-१ चं जीन उत्क्रांतीत निकामी झालंय, म्हणून त्यांची पिल्लं गारठली की थरथरत बसतात.)

मोठ्या माणसांतही ब्राऊन फॅट काम करतं हे २००९ मध्ये पेट स्कॅनवरून पक्कं झालं, मानेपाशी, गळपट्टीच्या हाडाच्या वर वगैरे. लेखात हे आहे. पण ज्यांचं वजन जास्त त्यांच्यात ते कमीच सापडतं, वयानुसारही कमी होत जातं, हे लेखात नाही. म्हणजे ज्यांना हा लेख वाचून आशा वाटणार त्यांच्याकडेच ते थोडं!

दुसरं म्हणजे यूसीपी-२ आणि यूसीपी-३. दोन्ही १९९७ मध्ये सापडले आणि यूसीपी-१ शी साम्य दिसलं म्हणून नाव तेच पडलं, पण ते शरीर गरम ठेवतात असं काही सिद्ध झालेलं नाही, नक्की काम काय यावर अजून वाद आहेत. यूसीपी-२ स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत वाढलं तर एटीपी कमी बनून इन्शुलिन कमी सुटतं असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय, मग सरसकट ‘वाढवा’ कसं म्हणायचं?

आणि कुलूप नसलेलं दार काय करतं ते माणसाने एकदा बघितलंय. डायनायट्रोफिनॉल, म्हणजे डीएनपी, कुठल्याही पेशीत पडद्यातून प्रोटॉन आरपार नेतं, ब्राऊन फॅट असो की हृदय. १९३३ पासून अमेरिकेत ते वजन कमी करायला दिलं जात होतं, वजन उतरायचं खरं, पण कुणाला मोतीबिंदू झाला, कुणी अंगातला ताप चढत जाऊन गेलं, आणि १९३८ मध्ये ते बंद करावं लागलं. डोस थोडा चुकला की शरीर आतून तापत राहतं आणि त्यावर उतारा नाही. ही पावडर आजही चोरून ‘फॅट बर्नर’ म्हणून विकली जाते, तेव्हा पुढच्या अंकात डीएनपीबद्दल चार ओळी तरी छापा, चौकटीत आणि ठळक अक्षरात.

आपला,
बायोकेमिस्ट्री शिकवणारा एक वाचक