घरबसल्या बी.एड.चं पत्रक उलटं करणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

हे पत्र टपालाने पाठवलं असतं तर तुम्ही शुद्धलेखन तपासून परत केलं असतं. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय. शिवाय खासगी शिकवण्यांमधून वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी नागपुरात आहेत. तुम्ही मला जे सांगितलं ते त्यांच्याही कानावर पडावं.

2022 चा मे महिना. मानेवाड्याच्या त्या क्लासमधला कूलर नुसताच आवाज करत होता. पाचवी ते सातवीचं गणित शिकवत मला तिथे अकरा वर्षं झाली होती. बी.एससी. होते, पण प्रशिक्षण नाही, त्यामुळे शाळेत अर्ज घेऊन गेलं की पहिल्याच प्रश्नाला परत. तुम्ही नातीला न्यायला आलात तेव्हा टेबलावर एका एजंटाचं गुळगुळीत पत्रक पडलं होतं. घरबसल्या बी.एड., फक्त परीक्षेला या, 85 हजार. पहिला हप्ता मी दुसऱ्याच दिवशी भरणार होते.

“हे काय करून राहिली तू, पोरी?” तुम्ही चष्मा लावलात. “मान्यता कोणाची आहे, पाहिलं का?”

पाहिलं नव्हतं. माझ्याच मोबाइलवर तुम्ही मला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या पश्चिम विभागाची यादी उघडायला लावली. कॉलेजचं नाव दोनदा शोधलं. नव्हतंच. दूरशिक्षणातून बी.एड. खरंच होतं, पण ते आधीच प्रशिक्षण झालेल्या शिक्षकांसाठी असतं, कोऱ्या पाटीसाठी नाही, हे मला अकरा वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मीच कोणाला विचारलं नव्हतं.

मग तुम्ही ते पत्रक उलटं केलंत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंत. पहिली ते पाचवी: बारावी, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका), टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर एक. सहावी ते आठवी: पदवी, सोबत डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि पेपर दोन. डी.एल.एड.भोवती दोनदा गोल. “पदवी तर आहेच तुझ्याकडे. हे केलं की दोन्ही दारं उघडतात. नववी-दहावीचं पुढे पाहू, नोकरीत लागली की मुक्त विद्यापीठातून बी.एड. कर.” ते पत्रक अजून माझ्या फाइलमध्ये आहे. एजंटाचा नंबर खोडलाय.

मनातून मी खट्टू झाले होते. छत्तिसाव्या वर्षी अठरा वर्षांच्या पोरींच्या बाकावर बसायचं? प्रवेशही बारावीच्या टक्क्यांवर, म्हणजे पदवीला काही किंमतच नाही! सासूबाई तर म्हणाल्या, “आता काय पुन्हा बारावीपासून?” पण ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठी अपात्र ठरवलं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते, आणि बी.एड. झालेल्या दोन मैत्रिणी माझ्याकडे डी.एल.एड.ची चौकशी करत होत्या.

खरे आभार मात्र पाठांच्या टाचणांचे. सराव पाठांच्या आदल्या संध्याकाळी मी वही घेऊन तुमच्याकडे यायचे. “विद्यार्थ्यांना वजाबाकी समजेल” असं लिहिलं की तुम्ही लाल पेनाने विचारायचात: तुला कसं कळेल? तिसरीच्या वर्गात 42 वजा 17 घेताना मी सवयीने म्हणाले, “चाराकडून एक उसना घ्या.” मागच्या बाकावरच्या पोराने विचारलं, “बाई, मग परत कधी द्यायचा?” वर्ग हसला, मीही हसले, पण उत्तर नव्हतं. अकरा वर्षं मी मुलांना उसनवारी शिकवत होते! त्या संध्याकाळी तुम्ही माचिसच्या काड्या काढल्यात. दहा-दहाचे चार गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्या. एका गठ्ठ्याचं रबर काढून माझ्यासमोर ठेवलंत. सुट्या झाल्या बारा, गठ्ठे उरले तीन. कोणी कोणाला काही उसनं दिलं नाही, फक्त दशक सुटा केला. दुसऱ्या दिवशी त्याच पोराला रबर काढायला लावलं.

10 नोव्हेंबर 2024 ला टीईटीचे दोन्ही पेपर दिले. खुल्या प्रवर्गात 150 पैकी 90 लागतात. पहिल्यात 97 मिळाले, दुसरा 86 वर अडकला. चार गुण, सर! तुम्ही पेढा खाल्लात आणि लगेच विचारलंत, “विज्ञानात किती गेले?” नातेवाइकांना अजून वाटतं की टीईटी झाली म्हणजे सरकारी नोकरी लागली. टीईटी वेगळी, टेट वेगळी, टेट म्हणजे भरतीसाठीची 200 गुणांची अभियोग्यता चाचणी आणि त्यानंतर शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, हे समजावून मी थकले. सध्या सक्करदऱ्याकडच्या एका खासगी शाळेत तिसरीला आहे. पगार क्लासपेक्षा फार जास्त नाही, पण हजेरीपटावर वर्गशिक्षिका म्हणून माझी सही असते.

दुसऱ्या पेपरचा अभ्यास चालू आहे. काड्यांची डबी मात्र तुमच्याकडेच राहिली. सोमवारी हातच्याची वजाबाकी घ्यायची आहे, म्हणून रविवारी सकाळी न्यायला येते. काकूंना म्हणावं, तर्री-पोहे मी घेऊन येईन.

तुमची विद्यार्थिनी,
मानेवाड्याच्या क्लासमधली गणिताची बाई