महाराज, देवावर रागावलेल्या पोरांच्या वतीनं

ह. भ. प. महाराज,
सप्रेम रामकृष्णहरी.

मराठवाड्यातल्या कॉलेजांत समुपदेशन करणारे आम्ही काही जण हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहितोय. आमच्या कार्यशाळांना येऊन तुम्ही जे शिकवलंत, ते आता रोज कामी येतं.

डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये डॉक्टरांसाठी तयार केलेली प्रश्नावली आमच्याकडं होती. श्रद्धा कशावर, तिला आयुष्यात स्थान किती, सोबतीला माणसं कोण आणि उपचारात याची दखल कशी घ्यायची, असे तिचे चार भाग. भाग चोख आहेत, पण ‘तुझी श्रद्धा कशावर आहे?’ असं विचारलं की पोरगं तोंडी परीक्षेसारखं ‘देवावर’ म्हणतं आणि गप्प बसतं. शिवाय आपल्याकडं देवाचा प्रश्न जातीपर्यंत जायला वेळ लागत नाही. निळा झेंडा लागलेल्या वस्तीतून आलेल्या मुलीला ‘कुलदैवत कोणतं?’ विचारणं म्हणजे जात विचारणंच. तुम्ही सोपा प्रश्न दिलात: ‘लई जड झालं की कशाचा आधार वाटतो?’ याला उत्तर म्हणून तुळजाभवानी येते, बुद्धवंदना येते, नमाज येते, शेतातली विहीरही येते. ‘कशाचाच नाही’ हेही पुरं उत्तर धरायचं, हे तुम्ही गळ्यात माळ असताना आम्हाला बजावलंत, याचं आम्हाला फार मोल आहे.

हा प्रश्न ४५ मिनिटांच्या बैठकीत पहिल्या २० मिनिटांत काढायचा नाही. आधी झोप, जेवण, मेसचे पैसे, घरची खबरबात. मग ‘याबद्दल विचारलं तर चालेल का?’ नको म्हणालं तर तो स्वतःहून काढेपर्यंत विषय बंद. नोंद त्याच्याच शब्दांत. आणि खोलीतली देवाची तसबीर काढून ठेवायची. अनुदानित कॉलेजातही संमतीशिवाय कुणाला प्रार्थनेला बसवता येत नाही, राज्यघटनेचं कलम २८ तसं सांगतं.

सगळ्यात मोठं ऋण मात्र देवाशी भांडणाचं. निकाल बिघडला, पीक गेलं, ऊसतोडीला गेलेल्या बापाचा अपघात झाला, की पोरं म्हणतात, ‘देवानं मलाच शिक्षा दिली.’ यावर लगेच ‘असं बोलू नये, देव परीक्षा बघतो’ म्हणायची आम्हा समुपदेशकांची सवय. त्यानं पोरगं बोलायचं थांबतं, मनातला विचार थांबत नाही. देवानं टाकलं, देव शिक्षा देतोय, या भावनेसोबत नैराश्य जास्त आढळतं, असं धर्म आणि मन यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगामेंट यांचा अभ्यास सांगतो. तुम्ही गंगाखेडच्या जनाबाईची आठवण दिलीत. तिनं विठ्ठलाला तोंडावर शिव्या घातल्या, नरसीचे नामदेव त्याच्याशी भांडले, आणि त्यांचे अभंग वारकरी आजही टाळ-मृदंगावर गातात. मग आम्ही कोण पोरांना गप्प करणारे? आता समोर रिकामी खुर्ची ठेवतो. ‘तो इथं बसलाय, बोल काय बोलायचं ते.’ दहा मिनिटं आपण चूप राहायचं. रडू आलं तर नुसता पाण्याचा ग्लास पुढं सरकवायचा. हे फक्त देव मानणाऱ्यासाठी, आणि ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारून झाल्यावरच. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर खुर्ची बाजूला. त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना आणि डॉक्टरला त्याच दिवशी गाठायचं, सोबत टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायचा.

नामाचंही तुम्ही माप घालून दिलंत. पूर्ण हरिपाठ कुणाच्या माथी मारायचा नाही. डोळे उघडे, नजर जमिनीवर, चार आकडे श्वास आत, सहा बाहेर, पाच मिनिटं. हवं असेल त्यानं श्वास सोडताना नाम घ्यावं. घाबरलेल्याला डोळे मिटायला लावलं तर कधीकधी धडधड वाढते.

जत्रेत अंगात आलं, जत्रेबरोबर ओसरलं आणि पोरगी दुसऱ्या दिवशी तासाला बसली, तर तो आजार समजायची घाई नको. पण रात्र रात्र झोप नाही, आवाज हुकूम देतात, पैसा उधळला जातो, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ, आणि आवाज जिवावर उठायला सांगत असेल तर आजच्या आज. भूत उतरवायचं म्हणून मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे तुम्ही भर कीर्तनात सांगता, तिथं आमचा आवाज पोचत नाही.

गोळी चालू असली तरी माळ चालते, हेही तुमच्या तोंडून ऐकलं की आईबाप औषध बंद करत नाहीत. त्यात एकच भर घालाल का? लिथियम हे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध घेणाऱ्यानं रोजा किंवा निर्जळी उपवास धरण्याआधी डॉक्टरला विचारावं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, गुंगी येते. नवरात्राच्या आधीच्या कीर्तनात एवढं सांगितलंत तर फार बरं होईल.

तुमचे,
मराठवाड्यातले काही कॉलेज समुपदेशक