विल्याला पत्र, पिकअपबद्दल

सातारा,
रविवार

प्रिय विल्या,

तुझं पत्र मिळालं. काँक्रीटचा मिक्सर घेतलास, आता गाडीही घेतोस, म्हणजे पाटणकडची कामं जोरात दिसतात. वहिनींच्या कानावर घातलंयस ना?

महिंद्राची बोलेरो पिकअप घेऊ की टाटाची योधा, असं विचारतोस. दोन्ही दणकट, दोन्हींचं काम तालुक्याच्या मेस्त्रीला येतं. त्यावर चहा गार करू नको. आधी टनाचा हिशेब कर. दोन्हींत 1.7 टनांचं मॉडेल आहे. म्हणजे 50 किलोच्या 34 गोण्या, तेही कागदावर. तू आणि दोन गडी केबिनमध्ये बसलात की त्यातल्या तीन-चार गेल्याच. पाचशे लाल विटा आरामात येतील, दीड टनाच्या आसपास भरतात.

घात करते ती क्रशसँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, वजन चार-साडेचार टन, भिजलेली असली तर आणखी. हौदा काठोकाठ भरायच्या कितीतरी आधी वजन पुरं होतं, आणि आपल्याला वाटतं अजून दहा घमेली बसतील. मग मागचे स्प्रिंगचे पाटे सरळ होतात आणि स्टिअरिंग एका बोटावर फिरायला लागतं. ते हलकं लागलं की समज, पुढची चाकं रस्ता सोडायला लागलीत. शिवाय जादा वजनासाठी पकडलं तर दंड 20,000 पासून सुरू. तेव्हा वाळू-खडी टिपरनेच मागव. सळईसुद्धा दुकानदाराच्या गाडीने येऊ दे. 40 फुटी सळई दुमडली तरी 20 फूट, ती नऊ फुटी हौद्यात कुठे कोंबणार?

मिक्सर कुठलीही पिकअप ओढेल. पण त्याला स्वतःचे ब्रेक नसतात, आणि कुंभार्ली घाट उतरताना तो मागून गाडीला ढकलत राहतो. खालच्या गिअरमध्येच उतर, ब्रेक तापवू नकोस. हूक बंपरला डकवू नको, चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, नटबोल्टने बसव, वर साखळी लाव. त्या दिवशी हौद्यात माल कमी भर, कारण हुकावरचं वजनही मागच्या पाट्यांवरच येतं. गाडी किती ओढू शकते ते कंपनीकडून लेखी घे, उद्या विमावाले तेच विचारतील.

डबल केबिनचा मोह सोड. गडी ऐटीत बसतात, पण हौदा आखूड होतो. आणि आरसी बुकावर गाडी आणि माल मिळून एकूण वजन बघ: 3000 किलोच्या वर गेलं की परमिट आलं.

मला विचारशील तर 1.7 टनी, साधी केबिन, लांब हौदा. शोरूमवाले रिकामी गाडी फिरवायला देतात, त्यातून काही कळत नाही. ओळखीतल्या कुणाची तसलीच गाडी माग, गोण्या भर, चढावर हँडब्रेक लावून थांबव आणि तिथूनच उचलून बघ. दसऱ्याला बुकिंग करणार असशील तर आधी फोन कर, मी येतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या