मुलांना अर्धाच डार्विन सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीच्या मुलांसाठी आपल्या शहरात झालेल्या एका मार्गदर्शन कार्यक्रमाला नुकतीच नातवासोबत गेले होते. माणूस मुळातच स्वार्थी, हा डार्विनचा नियम आहे आणि शेजारच्या बाकावर बसलाय तो तुमचा स्पर्धक, असं वक्त्यांनी मुलांना ठणकावून सांगितलं. टाळ्याही पडल्या. कनिष्ठ महाविद्यालयात जन्मभर जीवशास्त्र शिकवलेल्या मला ते ऐकवेना.

ज्या टोळीतली माणसं एकमेकांच्या मदतीला धावतात, सगळ्यांच्या भल्यासाठी झीज सोसतात, ती इतर टोळ्यांवर मात करेल आणि हीसुद्धा नैसर्गिक निवडच, असं खुद्द डार्विननं १८७१ मध्ये लिहून ठेवलंय. पुढे १९६४ मध्ये जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टननं रक्ताच्या नात्यातल्या त्यागाचं गणित मांडलं. नात्याबाहेरच्या मदतीचं गणित १९७१ मध्ये ट्रिव्हर्स या दुसऱ्या जीवशास्त्रज्ञानं: पुन्हा पुन्हा गाठ पडणार असेल आणि फसवणारा ओळखता येत असेल, तर परक्याला केलेली मदतही परवडते.

आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरामागे सातभाई पक्ष्यांचा थवा येतो. सगळे पाला उलथत किडे शोधतात, एखादा फांदीवर पहाऱ्याला. मांजर दिसलं की असा कलकलाट करतात की ते पळ काढतं. पिल्लांना आईबापांखेरीज थव्यातले बाकीचेही भरवतात. आणि नेमकी त्यांच्याच घरट्यात पावशा या कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याची मादी अंडं घालून जाते! मागच्या पावसाळ्यात कडुनिंबावर ते पिल्लू मी पाहिलं. भरवणाऱ्यांपेक्षा थोराड, पंख थरथरवत चोच वासून बसलेलं, आणि सातभाई आळीपाळीनं त्याच्या घशात अळ्या कोंबताहेत. लबाडी निसर्गात आहेच, ती मी नाकारत नाही. पण लुबाडायलासुद्धा आधी मिळून-मिसळून राहणारं कुणीतरी लागतं, ते वक्त्यांनी सांगितलंच नाही.

माणसाचं तर आणखी पुढचं. फेर आणि गेख्टर या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सामाईक निधीत पैसे घालायचे होते. अंग चोरणाऱ्याला दंड करता येत नव्हता तेव्हा निधी आटत गेला. दंडाची सोय झाल्यावर लोकांनी पदरचे पैसे मोडून दंड केला, पुन्हा त्याच माणसाशी गाठ पडणार नव्हती तरी! आपण असे आहोत. इतर जण वाटा उचलतात का, यावर आपला डोळा असतो आणि त्यावरून आपला हात सैल होतो किंवा आखडतो. म्हणूनच ‘सगळेच स्वार्थी’ हे मुलांच्या मनावर बिंबवणं मला घातक वाटतं. उद्या तीच मुलं वाटा उचलायचं सोडतील.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर आपले लोक जेवणाचे स्टॉल लावतात. मराठवाड्यातून, परराज्यांतून आलेल्या माणसाला ताट देताना त्याचं नाव कुणी विचारत नाही, तो परत भेटायची शक्यताही नसते. नातं नाही, परतफेड नाही. हॅमिल्टन आणि ट्रिव्हर्सच्या गणितात हे सरळ बसत नाही. इथे माणसांनी जपलेली रीत आणि श्रद्धा काम करते, आणि ती शिकण्याची कुवतही आपल्याला उत्क्रांतीनंच दिली आहे.

अशा कार्यक्रमांच्या आयोजकांना विनंती आहे की व्यासपीठावर जीवशास्त्राच्या एखाद्या शिक्षकालाही बोलवावं. मी यायला तयार आहे, मानधन नको.

— एक निवृत्त शिक्षिका, त्रिमूर्तीनगर, नागपूर